न वाकणारी पेटी

थायलंडमधल्या महाचायच्या मासळी धक्क्यावर लुंग बुनल्यूचं तारुण्य कोळंबीच्या पेट्या उचलण्यात गेलं. लुंग म्हणजे काका. गल्लीत सगळेच त्याला तसं म्हणतात. एकदा चळतीच्या तळातली पेटी वाकून फुटली आणि वरचा सगळा ढीग त्याच्या पाठीवर आला. काम सुटलं. मग पाठीला पट्टा बांधून त्याने भंगार प्लास्टिक वितळवायची शेड टाकली. डोक्यात एकच हट्ट होता, ओझ्याखाली न वाकणारी पेटी करायची.

नुसत्या जुन्या प्लास्टिकची पेटी वाकतेच. म्हणून भांडी बनवणाऱ्यांकडचा ॲल्युमिनियमचा कीस दळून आम्ही त्यात मिसळू लागलो. पॉलिटेक्निक संपवून मी थेट त्याच्याकडे कामाला लागले होते. कीस कमी पडला की तळ झुकायचा, जास्त झाला की कडा तडकायच्या. प्रत्येक वेळी लुंग साच्याला लाथ मारायचा. शेवटी एक पेटी अशी निघाली की त्याची बायको पा सामनियांग (पा म्हणजे काकू) तिच्यावर उभी राहिली, तरी तळ हलला नाही.

"मी उभी राहिले आणि वाकली नाही!" पा म्हणाली. "घे म्हाताऱ्या, आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

कोळंबी परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याने ती पेटी चालवून बघायचं कबूल केलं. ती पसंत पडली तरच शेड टिकणार होती. दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. आम्ही टेम्पोभर पेट्या घेऊन गेलो. कोळंबीच्या पिशव्या आत भरल्या, झाकण लागलं आणि पेटी सरकत्या पट्ट्यावरून पुढे गेली. पट्ट्याच्या शेवटी असलेलं धातू शोधणारं यंत्र किंचाळलं.

दुसरी पेटी. पुन्हा किंचाळलं. लुंगने कोळंबी काढून रिकामी पेटीच पट्ट्यावर ठेवली. तीही किंचाळली. जमिनीने गिळून टाकावं असं मला झालं. वजन, थंडी, ओझं, सगळं तपासलं होतं आम्ही. हे यंत्र आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"याचा कान जरा कमी करा की, पी ओराथाय," लुंग म्हणाला. ओराथाय तपासणी विभागाची प्रमुख. वयाने लहान, पण कामासाठी गेलेला माणूस मान देऊन 'पी', म्हणजे ताई, म्हणतोच.

"आणि उद्या सुरीचं तुटलेलं टोक निघून गेलं तर, लुंग? कोणाच्या पोरीच्या घशात अडकेल ते?"

"मग कोळंबी आधी यंत्रातून काढा. पेटीत नंतर भरा."

"मीही हेच विचारलं होतं वर. बंद पेटीच तपासायची, म्हणतात. धातू काढून आणा, महिनाअखेरपर्यंत थांबते मी."

"धातू काढला तर ती वाकते!"

"मग चळत अर्ध्या उंचीची ठेवू."

"म्हणजे हमालाला दुप्पट खेपा," लुंग ओरडला. "पेटी त्याच्यासाठीच केली होती, बाई."

लुंगला ओराथायचं चुकलं असंही म्हणता येईना, त्यामुळे त्याचा राग आणखीनच वाढला. परतीच्या वाटेवर तो टेम्पोच्या दारावर मूठ आपटत होता.

"खडूची भुकटी घालून बघू," मी म्हणाले. "धातू नाही, यंत्र ओरडणार नाही. इतकी ताठ होईल का, ते सांगता येत नाही."

"सांगता येत नाही! शिकून आलीस ना तू?"



खडूच्या मिश्रणाला नवा साचा लागणार होता, पण त्याला पैसे कुठून आणायचे? जुन्याच पेट्या तोडून त्यांचा माल आतल्या ॲल्युमिनियमसाठी भांडी बनवणाऱ्यांना कवडीमोलाने द्यायचा, असं ठरलं. पहिली पेटी चुरायच्या यंत्रात टाकली. पातं करकरलं आणि अडकलं. दुसरी टाकली, तर पात्याचे दातच गेले.

"आता तुटतही नाहीस होय?" लुंग पेटीवरच खेकसला.

"तुझ्यासारखीच हट्टी आहे ती," पा म्हणाली.

लुंगने पाठीचा पट्टा आवळला, हातकरवत घेतली आणि एका पेटीवर पाय ठेवून कापायला बसला. मी पेटीचं दुसरं टोक धरलं. कडेला एक चीरही पुरती जात नव्हती, आणि मागे टेम्पोभर पेट्या पडल्या होत्या.