मेंढीला ऐकवलेलं गाणं

मी पूर्णेच्या कॉलेजात संगीत शिकले म्हटलं की आमच्या गावची माणसं अजून हसतात. गायला नाही हो, ऐकायला शिकले. संगीत रसास्वाद असा विषयच होता. तो मी का घेतला, तर त्याचा तास लवकर सुटायचा आणि मला गावाकडची एसटी सापडायची. नाहीतर मेंढरं राखणाऱ्याच्या घरात रसाचं आणि आस्वादाचं काय काम?

सर परभणीहून रेल्वेनं यायचे. खांद्याच्या पिशवीत एक छोटा स्पीकर असायचा, तो ते मोबाईलला जोडून टेबलावर ठेवायचे. आमच्या वर्गाच्या खिडक्या रुळांकडं होत्या. स्पीकरमधल्या बाईंनी जरा कुठं सूर लावला की नेमकी मालगाडी निघायची. सर गाणं थांबवायचे, "हिचं होऊ द्या आधी" म्हणायचे आणि डबे संपेपर्यंत डोळे मिटून बसायचे. आम्ही पोरी तोंडात ओढणी कोंबून हसायचो. एकदा मी न राहवून विचारलंच, की सर, ह्या बाई मघापासून नुसतं आ आ करायल्यात, गाणं कधी सुरू करणार? सगळा वर्ग फिदीफिदी हसला. सर मात्र रागावले नाहीत. ते म्हणाले, सूर, राग सगळं राहू दे बाजूला, तू फक्त एवढंच ऐक की ही बाई श्वास कुठं घेते.

झालं, मला ते खूळच लागलं. देवळातल्या भजनात, बाजारात ओरडणाऱ्या भाजीवाल्यात, बातम्या सांगणाऱ्या बाईत, जिथं तिथं मी श्वासच शोधायला लागले. प्रत्येकाची जागा वेगळी असते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ती दुपारची उन्हं, तो खडूचा वास आणि मालगाडीसाठी थांबलेलं गाणं आठवलं की आजही वाटतं, त्या बाकावर जाऊन पुन्हा बसावं.

मग सरांनी घरचा अभ्यास दिला. आपल्या घरातला एक आवाज ऐकायचा आणि त्याबद्दल वर्गात बोलायचं. कोणी बैलाच्या घुंगरांबद्दल बोलायचं ठरवलं, कोणी आजोबांच्या घोरण्याबद्दल. मला मात्र काही सुचेना. कारण आमच्या घरातला खरा आवाज आईचा होता, आणि तो बंद पडून वर्षं झाली होती.

माझी आई हळदीची गाणी म्हणायची. आमच्या गावातच नाही, आजूबाजूच्या गावांतही हळद असली की तिला बोलावणं यायचं. ती ओळ सुरू करायची आणि बाकीच्या बाया मागून झेलायच्या. ओळीचा शेवटचा शब्द येण्याआधी ती किंचित थांबायची. बाया तोंड उघडून वाट बघत राहायच्या, मग ती हळूच तो शब्द सोडायची. मी शाळेत असताना बाबा गेले आणि तिला बोलावणं येणं बंद झालं. हळदीला सवाष्णीच लागतात. कोणी तोंडावर नको म्हणालं नाही, पण ये असंही म्हणालं नाही. आईनंही कुणाला बोल लावला नाही. गप्प झाली बिचारी.

त्याच आठवड्यात आमची एक मेंढी व्यायली आणि पिलाला जवळच येऊ देईना. कोकरू जवळ गेलं की डोक्यानं ढकलून द्यायची. आई मेंढरांच्या वाड्यात बसली, मेंढी गुडघ्यांत धरली आणि कोकराचं तोंड आचळाला लावून गुणगुणायला लागली. हे ती नेहमीच करायची, मी कधी कान दिला नव्हता. शब्द नव्हते, नुसतं ऊं ऊं. पण त्या दिवशी मी वाड्याच्या काटक्यांच्या कुडापलीकडं उभी राहून श्वास ऐकायला लागले. शेवटाच्या जरा आधी ती थांबली. तीच जागा! हळदीचंच गाणं होतं ते. शब्द काढून टाकून ती इतकी वर्षं मेंढ्यांपुढं म्हणत होती.

मी आत गेले आणि म्हणाले, की आई, हे तर हळदीचं हाय, मोबाईलवर घेऊ का? ती दचकली. मग कोकराच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "मेंढीला माझं कपाळ दिसत न्हाई बाई. माणसाला पैलं तेच दिसतंय."

मग माझ्या हळदीला कोण गाईल, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. तुझ्या तर मुळीच न्हाई, म्हणाली, तुला काही वाईट व्हायला नको.

मी काहीच रेकॉर्ड केलं नाही. वर्गात नुसतं सांगितलं. सांगता सांगता रडायला आलं आणि मी मध्येच थांबले. सरांनी कोणाला बोलू दिलं नाही. मी डोळे पुसून पुन्हा सुरू करेपर्यंत ते मालगाडीसाठी बसायचे तसेच बसून राहिले.

पुढं माझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी मांडवात बाया जमल्या, पाटावर मला बसवलं, अंगभर हळद लावली. गाण्याची वेळ आली तर कुणाला एक धड ओळ येईना. चुलती म्हणाली, आता कोण म्हणतंय गं, मोबाईलवर लावा काहीतरी. माझं डोकंच फिरलं. गाणारी बाई जिती जागती वाड्यापाशी बसलेली, आणि ह्यांना मोबाईल पाहिजे!

हळद लागलेल्या पोरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. मी उठले आणि सरळ चालायला लागले. मागनं सगळ्या ओरडत होत्या. आई कुडाला टेकून बसली होती. मला बघून घाबरली आणि म्हणाली, आगं, माघारी जा, लोक काय म्हणतील.

मी तशीच ओल्या हळदीनं तिच्यापुढं मातीत बसले आणि म्हटलं, "आई, मी मेंढीच हाय समज."

हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं तिला. मग तिनं माझं डोकं मांडीवर ओढलं, पिवळे हात हातात घेतले आणि गुणगुणायला लागली. आधी नुसतं ऊं ऊं. मग हळूहळू त्यात शब्द यायला लागले. माझा कान तिच्या पोटाला लागला होता. मला पुढचा श्वास कुठं येणार ते ठाऊक होतं.

मागं पावलं वाजली. बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या, चुलती सगळ्यांत पुढं. आता ओरडणार, असं वाटून मी आईचा हात घट्ट धरला. शेवटच्या शब्दाआधी आई थांबली, तिनं श्वास घेतला, आणि तो शब्द मागून चुलतीनं उचलला.