फेकण्याआधी उजेडाला

इरफान शेख कुठलीही वस्तू फेकण्याआधी उजेडासमोर धरून पाहत असे. फुटका कंगवा, संपलेली रिफिल, बिस्किटाच्या पुड्याचा कागद. एकदा कॅन्टीनमध्ये त्याने भज्यांचा तेलकट कागद ट्यूबलाइटखाली धरला, तेव्हा मी विचारलं, "त्यात काय दिसतंय तुला?"

"तेल लागलं तिथून उजेड आरपार येतोय बघ. फेकायचंच हाय ना, बघून फेकू."

ही सवय घरची होती. अजिंठ्याला त्याच्या वडिलांचं दुकान होतं. लेणी पाहायला आलेल्यांना ते रंगीत स्फटिक विकत. फुटका दगडही ते उन्हात फिरवून पाहत, मगच टाकत.

विद्यापीठात आम्ही भौतिकशास्त्राला बरोबर होतो. माझे गुण नेहमी त्याच्यापेक्षा जास्त. एमएस्सीनंतर दोघेही एकाच मॅडमकडे पीएच.डी.साठी थांबलो. जागा एक होती. त्यांनी दोघांना एकच काम दिलं: प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर सोन्याचा थर, त्यात अधिकच्या चिन्हासारखी सूक्ष्म छिद्रं, रांगेत. फिल्मच्या मागे सोन्याचाच अखंड थर. अशा रचनेला मेटामटेरियल म्हणतात. सोनं एरवी प्रकाश परतवतं. पण छिद्रांचा आकार आणि त्यांतलं अंतर जमलं, की हीच फिल्म डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक ठरावीक रंग जवळजवळ पूर्ण गिळते. गुण सोन्याचा नसतो, नक्षीचा असतो.

माझ्या फिल्मने तो रंग गिळला. आलेख पुस्तकातल्यासारखा आला. इरफानची फिल्म मात्र खराब झाली. प्रकाश मोजायच्या यंत्रातली क्लिप तुटली होती म्हणून त्याने फिल्म मागून सेलोटेपने चिकटवली, आणि सोडवताना मागचं सोनं टेपबरोबर निघून आलं. पहिल्या वर्षाच्या पोरानेही करू नये अशी चूक. मला बरं वाटलं.

"गेली रे भाऊ," तो टेपकडे पाहत म्हणाला.

"नवीन कर."

"करतो की. पण फेकायचीच हाय, तर बघून फेकू."

त्याने फिल्म खिडकीसमोर धरली आणि मग यंत्रात लावली. जो रंग गिळला जायला हवा होता, जवळपास तोच आता आरपार येत होता. बाकीचे अडत होते. मागे भिंत असली की नक्षी तो प्रकाश कोंडते, भिंत नसली की त्याला वाट देते. हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. तो आलेख घेऊन मॅडमकडे गेला, मी दारातच उभा होतो.

"मॅडम, मागचा थर गरम झाला की धातूसारखा अन् गार झाला की काचेसारखा वागला तर? एकच जाळी, पाहिजे तेव्हा गिळंल, पाहिजे तेव्हा सोडंल."

मॅडमनी तो आलेख ठेवून घेतला. आठवड्याने जागा त्याला मिळाली. मला त्या म्हणाल्या, "तुझं काम निर्दोष आहे, सतीश." पुढचा 'पण' त्यांनी उच्चारला नाही.

मी वर्तमानपत्रात लागलो. इरफानने तसा थर खरंच बसवला, परदेशी गेला, तिथे एक प्रयोगशाळा सांभाळू लागला. त्याच्याविषयीची प्रत्येक बातमी माझ्याच टेबलावर येई, कारण कचेरीत विज्ञान कळणारा मी एकटा. गेल्या हिवाळ्यात तो इथं व्याख्यानाला आला. मी पहिल्या रांगेत बसून टिपणं घेतली. एखादी चूक सापडावी म्हणून प्रत्येक आलेख तपासला. सापडली नाही. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा मी पेनाचं टोपण शोधत होतो.

संध्याकाळी त्याने मला गुलमंडीतल्या एका हॉटेलात चहाला नेलं.

"तुझी फिल्म कुठंय रे, सतीश?"

"फेकली. जागा गेली त्याच दिवशी."

"बघून फेकली का?"

"नाही."

"वाटलंच मला. कचऱ्याच्या डब्यातून मीच उचलली." त्याने बिस्किट चहात बुडवलं. "अजून हाय माझ्याकडं. नवीन मशीन आली की आधी तुझी फिल्म लावतो. तिनं नीट गिळलं तर मशीन बरोबर. पोरं विचारतात, कुणाची? म्हणतो, दोस्ताची. इतकी साफ मला आजतक नाय जमली."

हे त्याने सहज सांगितलं, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. मी दुपारभर त्याची चूक शोधत होतो आणि तो इतकी वर्षं माझं बरोबर जपून होता. तोवर मला त्याच्या जागेचा हेवा वाटत आला होता. त्या टेबलावर त्याच्या स्वभावाचा वाटला. हा जास्त टोचला, कारण ही जागा कधी रिकामी होणार नव्हती आणि मी तिच्यासाठी अर्जही केला नव्हता.

"बातमी नीट लिही बरं का," तो हसून म्हणाला.

"लिहितो," मी म्हणालो.

उठताना त्याने बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागद हॉटेलच्या दिव्यासमोर धरला, उलटून पाहिला, मग टाकला. माझा मी केव्हाच चुरगळून टाकला होता.