दाखल-वहीतली शेवटची नोंद

आमच्या जिल्ह्यातल्या ग्रंथपाल मंडळाचं दप्तर आज कुठं आहे, असं मला अधूनमधून कोणी शिकलेला माणूस विचारतो. निजामाच्या पोलिसांनी नेलं, असं मी सांगतो. ते खरं आहे, पण अर्धंच. ते त्यांच्या हाती कसं पडलं हे मी एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, आणि आता सांगितलं नाही तर माझ्याबरोबरच जाईल.

मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. बीड, पाटोदा, वडवणी आणि आसपासच्या गावांतली नऊ वाचनालयं, आणि ती सांभाळणारे आम्ही नऊजण. कुणी शाळामास्तर, कुणी वकिलाचा कारकून, एकजण तर किराणा दुकानदार. गावात आम्हाला ‘पुस्तकवाले’ म्हणत. ग्रंथपाल हा भारदस्त शब्द आम्हाला चिटणिसांनी दिला. मंडळाचे चिटणीस बीडचे. कचेरीबाहेर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते, मी त्यांना काका म्हणायचो.

वाचनालय कसं चालवायचं हे मला त्यांनीच शिकवलं. पुस्तक आलं की आधी दाखल-वहीत चढवायचं. क्रमांक, नाव, विषय, कुणाकडून आलं, कुठल्या कपाटात कितव्या फळीवर ठेवलं. मगच त्याला हात लावायचा. “वहीत न्हाई ते पुस्तक चोरीचं,” असं ते बजावत. मी पाटोद्याला शाळेच्या वेळेआधी एक तास आणि नंतर दोन तास वाचनालयात बसे. दर महिन्याच्या शेवटी सगळी पुस्तकं मोजून वहीशी ताडून बघे. एखादं कमी निघालं की मला जेवण जात नसे. बायको म्हणायची, घरात मीठ आहे का नाही ते तुम्हाला माहीत नसतं, पण कपाटातलं पुस्तक जरा सरकलं तर कळतं. बरोबरच होतं तिचं.

आता दप्तराचं सांगतो. त्या काळात चार माणसं जमवायची म्हटली तरी सरकारची इजाजत लागे. आम्ही पुस्तकांची अदलाबदल करायच्या निमित्ताने जमत असू आणि तिथंच मंडळाची सभा उरकून घेत असू. पलीकडच्या इंग्रजी मुलखातून, नगरकडून येणाऱ्या गाड्यांत लपवून एक मराठी वर्तमानपत्र यायचं. संस्थानात त्याला बंदी होती. या महिन्यात ते कुठल्या गावानं आधी वाचायचं आणि मग कुणाकडं धाडायचं, हे सभेत ठरे. आणि जे ठरे ते काका सभेच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहीत, खाली आम्हा नऊजणांच्या सह्या घेत. असल्या गोष्टी लिहायच्या नसतात, हे नवांपैकी एकालाही सुचलं नाही. सभा झाली म्हणजे तिचं वृत्त लिहिलं गेलंच पाहिजे, एवढंच आम्हाला माहीत.

वडवणीच्या वाचनालयाची झडती झाली तेव्हा काका एका बाजारच्या दिवशी पाटोद्याला आले. पिशवीत सभावृत्ताच्या सहा वह्या होत्या, मंडळाचं सगळं दप्तर.

“मास्तर, माझ्या घरी आता ह्या ठिवता येत न्हाईत,” ते म्हणाले. “तुमच्या पुस्तकांत ठिवा. पुस्तकांत पुस्तक कुणाला दिसतंय?”

मी म्हणालो, “काका, जाळून टाकू या का?”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला स्वतःचीच लाज वाटली. “आपुन जाळणारे का?” एवढंच बोलले आणि परतीच्या गाडीला गेले.

मी सहाही वह्यांना जुने पुठ्ठे शिवले आणि शेतकीच्या पुस्तकांमागं लावून दिल्या. शेतकीची पुस्तकं आमच्या गावात कुणी कधीच मागितली नव्हती. शेती करणाऱ्यांना त्यांची गरज नव्हती आणि न करणाऱ्यांना गोडी नव्हती. जागा उत्तम होती.

मग महिनाअखेर आली. मी मोजदाद केली. सहा पुस्तकं जास्त भरली.

ती सहा कुठली हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दोन दिवस मला चैन पडेना. कपाटात आहे आणि वहीत नाही, हे मी वाचनालय हातात घेतल्यापासून कधी होऊ दिलं नव्हतं. जित्याची खोड म्हणतात ती हीच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाखल-वही उघडली आणि पुढचा क्रमांक टाकून लिहिलं: ग्रंथपाल मंडळ, सभावृत्त, हस्तलिखित, सहा भाग. कपाट तिसरं, खालची फळी, मागची रांग. कुणाकडून आलं या रकान्यात लिहिलं: चिटणीस, बीड. शाई वाळू दिली आणि वही मिटली. फार बरं वाटलं मला त्या वेळी.

पंधरा दिवसांनी अमीन आला, म्हणजे पोलिसांचा अंमलदार. सकाळी शाळेआधीची वेळ होती. सोबत दोन शिपाई आणि एक मराठी जाणणारा कारकून. अमीन सभ्य माणूस होता. पुस्तकं फेकू नका, असं त्यानं शिपायांना दरडावलं. तासभर त्यांनी कपाटं धुंडाळली. शेतकीची पुढची चार पुस्तकं काढून पाहिली आणि परत ठेवली. काही सापडलं नाही. अमीन दारापर्यंत गेला होता. जाता जाता त्याचं लक्ष माझ्या टेबलावर गेलं.

“मास्टर, ये रजिस्टर किसका है?”

कारकुनानं दाखल-वही शेवटच्या पानावर उघडली आणि वाचून दाखवली. पुढं काही शोधावं लागलंच नाही. कपाट तिसरं, खालची फळी, मागची रांग. सहाही वह्या अर्ध्या मिनिटात टेबलावर आल्या.

त्यांनी मला ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं. ही नोंद कुणी केली, असं अमीन पुन्हापुन्हा विचारत होता. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ती हिंमत नव्हती, निव्वळ भीती होती. संध्याकाळी मला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी बीडमध्ये काकांना धरलं. बाकीच्या आम्हा सगळ्यांकडून मुचलके, म्हणजे पुन्हा असं न करण्याची हमी, लिहून घेतले आणि वाचनालयांना कुलपं लावली. त्या नोंदीसाठी मला पुन्हा बोलावतील म्हणून मी रोज वाट पाहायचो. कुणी बोलावलं नाही. मी सरकारी शाळेतला मास्तर, म्हणून वाचलो असेन, अशी मी स्वतःची समजूत घातली.

काका आठ महिने तुरुंगात होते. त्या आठ महिन्यांत मी त्यांच्या घरी गेलो नाही. दोनदा निघालो. एकदा ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन निघालो होतो. मांजरसुंब्याला मोटार थांबली, तिथं बीडकडून आलेले दोन शिपाई चहा पीत उभे दिसले आणि मी पोत्यासकट परत फिरलो. बायकोला सांगितलं, मोटार बिघडली.

ते सुटल्याचं कळल्यावर मात्र गेलो. पडवीत घोंगडी टाकून बसले होते. निम्मे झाले होते, बोलताना खोकला येत होता. मी पायांना हात लावला आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं.

“काका, माझ्यामुळं झालं. मीच वहीत चढवलं.”

“ठाव हाय,” ते म्हणाले. “अमीनानं ती वही माझ्याम्होरं ठिवली व्हती. अक्षर कुणाचं म्हणून इचारलं.”

“मग?”

“मी म्हणलं, माझं. बाजारच्या दिशी पाटोद्याला गेलतो, मास्तर शाळेत व्हते, मीच ठिवलं अन् मीच लिवलं. त्यो म्हणला, लिवून दाव. दावलं. तुमचं अक्षर माझ्याच हाताखाली वळलंय मास्तर, त्याला काई फरक कळला न्हाई.”

मला रडू आवरेना. ते खोकत राहिले आणि पाठ चोळायला मी पुढं झालो तर हातानंच नको म्हणाले.

तेवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या. तांब्या खाली ठेवून त्या म्हणाल्या, “मास्तर, लई दिसांनी आलात. वडवणीचे येऊन गेले, दुकानदार तर दोनदा आले. तुमीच कावून आला न्हाईत?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मी तांब्या उचलला आणि पाणी पिऊ लागलो.

“त्यांची शाळा असती,” काका म्हणाले. “सुट्टी मिळत न्हाई त्यांला.”

त्या आठ महिन्यांत उन्हाळ्याची अख्खी सुट्टी येऊन गेली होती, आणि ते काकांनाही माहीत होतं. काकूंनी मान डोलावली आणि आता जेवूनच जा म्हणाल्या. मी नाही म्हणू शकलो नाही. त्यांच्या चुलीपुढं बसून मी त्यांच्या घरची भाकरी खाल्ली.