पिल्लू काऊन बायकोले बलावन?

"ट्रॅक्टर उद्या सकाळी येऊन राह्यला, मॅडम. तुमच्या नोंदवहीत त्या डबक्याचं काई नसन, तं टाकून देतो मुरूम," सरपंचताई म्हणाल्या.

आणि माझ्या शीटवर खरंच डबकं वाचवावं असं काही नव्हतं!

सांगते. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात मी जैवविविधता नोंदवहीचं काम करत होते. म्हणजे गावाच्या हद्दीत कोणती झाडं, पक्षी, मासे, बेडूक आहेत ते लोकांना विचारून, स्वतः बघून लिहायचं. पंचायतीमागं पावसाचं डबकं होतं. तिथं बाजाराचा ओटा बांधायचं ठरलेलं.

काठावर मला नखाएवढे बेडूक दिसले होते. कोणते विचारलं तर जो तो म्हणे, "मोठ्या बेंडकाचे पिल्लं होत." मी मोजले, दोन सेंटिमीटर, आणि लिहून टाकलं: ज्युवेनाइल. म्हणजे पिल्लू, अजून वाढायचंय. पिल्लं काय, उड्या मारत कुठंही जातात. त्यांच्यासाठी डबकं ठेवा असं कोणत्या तोंडानं सांगणार?

'आवाज' या कॉलममध्ये लिहिलं होतं: किडा, अनोळखी. कंगव्याच्या दातांवर अंगठा फिरवावा तसा कर्रर्र आवाज आभाळ आलं की गवतातून यायचा.

ज्यांच्या हाताखाली हे काम चाललं होतं त्या सरांचा फोन आला. "विशेष काही नाही ना? मग संध्याकाळपर्यंत फायनल पाठव."

डबक्याकाठीच दगडावर बसून टाइप करायला लागले. शेजारच्या वाडीत सुमनकाकू वांगी तोडत होत्या.

"काय लिवून राह्यली वं?"

"या किड्याचा आवाज, काकू."

"किडा नोय माय तो! बेंडूक होय. पाय ना, गवताच्या बुडाशी."

वाकून बघितलं. माझंच 'पिल्लू'! गळ्याखाली डोक्याहून मोठा फुगा, आणि कर्रर्र.

"पण हे तर पिल्लू आहे, काकू."

काकू खदखदून हसल्या. "पिल्लू काऊन बायकोले बलावन वं?"

अरे देवा! बेडकांत अशी साद घालतो तो वयात आलेला नर. हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत! हा मायक्रोहायला, अरुंद तोंडाचा बेडूक. मुंग्या-वाळवी खातो, आणि त्याची पूर्ण वाढच एवढी. त्याच्या खानदानात फुग्यासारखे गोल, जमिनीत स्वतःला पुरून घेणारे मोठे भाऊबंदही आहेत, पण हा असाच राहतो. पाण्यात नीट बघितलं तर काचेसारखे आरपार दिसणारे टॅडपोल, म्हणजे त्यांची शेपटीवाली खरी पिल्लं, नुसते डोळे तरंगतायत!

'ज्युवेनाइल' आणि 'किडा' दोन्ही खोडून बेडकाचं नाव लिहिलं आणि सरपंचताईंना डबक्यावर घेऊन आले.

"नखाएवढ्यासाठी ओटा थांबवू काय?"

"ओटा बांधा ना ताई, फक्त जागा बदला. यांची अंडी-पिल्लं सगळी इथंच होतात."

काकू वाडीतून ओरडल्या, "लगन लागून राह्यले तिथी! मांडव काऊन मोडता वं?"

ताईंना हसू आवरेना. मग ओल्या जमिनीवर पाय आपटून म्हणाल्या, "तसाई इथी ओटा खचलाच असता. शाळेकडं चढ हाये, तिकडं घेऊ."

सकाळी ट्रॅक्टर शाळेकडं रिकामा झाला. रिपोर्ट एक दिवस उशिरा गेला, सर थोडे ओरडले.

नोंदवहीत 'माहिती देणारी व्यक्ती' अशी एक ओळ असते. तिथं सुमनकाकूंचं नाव आहे. मी यातून एवढं शिकले: आकारावरून वय लिहायचं नाही, आणि बेडूक मोजायच्या आधी त्याचं ऐकून घ्यायचं.