पोरीच्या खाटेची फळी

आमच्या घरात विकत आणलेलं नवं लाकूड मला तरी आठवत नाही. आमचे हे रोह्याला कंपनीत, शिफ्टची नोकरी. लोकांचे नवरे घरी येताना भाजी आणतात, कधी गजरा आणतात. आमचे हे पेण स्टेशनात उतरायचे ते खांद्यावर फळी घेऊन. कंपनीत मशिनरी ज्या खोक्यांतून यायची त्या खोक्यांच्या फळ्या, रीतसर गेटपास घेऊन आणलेल्या, आणि खिशात वाकडे खिळे. रविवारी अंगणात बसून ते खिळे दगडावर ठोकून सरळ करायचे.

"अहो, दुकानात काय सोन्याचे खिळे मिळतात का?" मी म्हणायची.

"एकदा सरळ केलेला खिळा पुन्हा वाकत नाही," हे म्हणायचे. खरं की खोटं, देव जाणे. मला तर तो दुसऱ्याच ठोक्याला वाकलेला दिसायचा.

न्हाणीचं दार ट्रकच्या फाळक्याचं होतं. त्यावर बाहेरच्या बाजूने पिवळ्या रंगात 'आवाज द्या' लिहिलेलं. नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं ही घरातली सूचनाच आहे. तो बिचारा दारापाशी उभा राहून "ओ, ओ" करायचा. मी आत केस धूत असायची. संताप नुसता! पण दार घट्ट बसायचं, हेही खरं. म्हणून ह्यांच्यावर रागवायचं की कौतुक करायचं, हे मला लग्नानंतर कित्येक वर्षं ठरवताच आलं नाही.

तर एका उन्हाळ्यात रामवाडीतला एक गणपतीचा कारखाना दुसरीकडे हलायला निघाला. आमच्याकडे गणपती सांगायचा म्हणजे नुसता शब्द देऊन भागत नाही. आषाढात घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा. त्यावर मालक मूर्ती बसवून ठेवतो आणि चतुर्थीला आपण आपल्याच पाटावरून गणपती घरी आणतो. पण मधल्या दिवसांत एखाद्या घरी सुतक येतं, कुठे भावाभावांच्या वाटण्या होतात. मूर्ती मग दुसऱ्याला जाते, पाट राहतो तिथेच. पुढच्या वर्षी येतील म्हणून मालक तो माळ्यावर टाकतो. असे किती वर्षांचे पाट माळ्यावर साठले होते. मालक म्हणाला, "जाळायला हात धजत नाय, आणि न्यायला कोण येत नाय." झालं! आमचे हे हातगाडी घेऊन हजर.

अंगणात पाटांचा ढीग पाहून सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "अरे, देवाचं आसन ते! त्याचं काय करणार आहेस?"

"मांडणी," हे म्हणाले. "आणि उरलंच तर न्हाणीत एक..."

"न्हाणीत?" सासूबाई ओरडल्या त्या शेजारच्या आळीत ऐकू गेलं असेल.

मग सुरू झाला घोळ. भटजींना विचारलं, तर ते म्हणाले, उत्तरपूजा झाली की देवपण गेलं, मागे राहतं ते लाकूड. सासूबाई म्हणाल्या, "पण ह्या पाटांवरून तर त्या वर्षी गणपती घरी गेलेच नाहीत. मग उत्तरपूजा झाली कुठे?" भटजी म्हणाले, "मग देवही बसला नाही." सासूबाई म्हणाल्या, "पण त्याआधीच्या वर्षी बसला होता की!" भटजी पान लावायला लागले. मी दोघांच्या तोंडाकडे बघत बसले. मला कधी वाटायचं हे बरोबर, कधी वाटायचं ते बरोबर. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. मांडणी चालेल, पण तिच्यावर डाळ-तांदूळ ठेवायचे, सुकी मासळी नाही. पायाखाली एकही फळी जाणार नाही. आणि उरलेल्या पाटांची आमच्या पोरीला झोपायला खाट करायची. लहान मूल म्हणजे देवच, त्याचा पाय लागला तरी दोष नाही.

ह्यांनी सगळ्या पाटांना रंधा मारला. पाटांच्या पाठीवर लोकांची नावं, गावं तेलरंगात लिहिलेली होती, ती सगळी भुशात गेली. कडा कापून सगळे एका मापाचे केले आणि चौकटीवर ओळीने ठोकले. सरळ केलेल्या खिळ्यांनीच, हे सांगायला नको. खाट मात्र देखणी झाली, पोरगी तिच्यावरून उतरायलाच तयार नव्हती.

पाऊस लागला आणि पोरीची गोधडी सकाळी ओली दिसायला लागली.

पोरगी पाच वर्षांची. अंथरूण ओलं करायचं तिने कधीच सोडलं होतं. पहिल्या दिवशी मी गुपचूप गोधडी बदलली. मग रोजच. कमरेपाशी, त्याच जागी, ताटलीएवढा ओलावा. पोरगी म्हणायची, "मी नाही केलं." सासूबाई म्हणायच्या, "मग काय गणपतीने केलं?" पोरगी रडायची. रात्री पाणी बंद केलं, तरी तेच. झोपेतून उठवून बाहेर नेऊन आणलं, तरी तेच. वर कौलं बघितली, एक थेंब गळत नव्हता. डॉक्टरने बाटली दिली. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि आल्यागेल्याला सांगायला लागल्या, "आमच्या नातीचं असं असं झालंय हो." बालवाडीतल्या पोरांपर्यंत ती गोष्ट गेली. पोरगी शाळेत जाईना. खाटेवर चढेना. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली.

"माझी पोर खोटं बोलत नाही," मी सासूबाईंना ठणकावून सांगितलं.

"मग पाणी येतं कुठून?" त्या म्हणाल्या.

गोधडी उन्हात घालायची तर ऊन नाही, चुलीवर धरली तर धुराचा वास. पोरीचं तोंड बघितलं की ती खरंच बोलतेय असं वाटायचं, आणि ओली गोधडी बघितली की डोकं चालेनासं व्हायचं. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील?

अशात एका सकाळी एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, हातात भिजकी छत्री. मला वाटलं मासळीवाली. मी म्हटलं, "आज नको गो, सोमवार आहे."

"मी कवा म्हटलं मासली घे?" ती म्हणाली. "माजा पाट तुज्या घरात हाय."

मला काही म्हणजे काही कळेना. आत घेतलं, चहा दिला, तेव्हा उलगडा झाला. खाडीकाठच्या गावची ती, मिठागरात जन्म गेलेला. एका आषाढात नवऱ्याने पाट कारखान्यात नेऊन दिला आणि चतुर्थीच्या आत तो वारला. त्या वर्षी गणपती नाही. मग बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, गाव सुटलं. मुलगा रोह्याला कंपनीत लागला, त्याच्या भाड्याच्या खोलीत कुठला गणपती? आता त्याने स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या होत्या. मुलगा म्हणत होता, नवा पाट घेऊ. म्हातारी म्हणत होती, तो पाट नाही तर गणपती नाही. ती कारखान्यात विचारायला गेली, तर मालकाने आमचं घर दाखवलं.

"माज्या माणसानं केलेला," ती म्हणाली. "मिठागराची उघाडी मोडली ना, खाडीचं पानी आत घ्याची झडप, तिच्या फळीचा. बाकी सगला पान्यान गेला गो. येवढाच ऱ्हायलाय."

म्हणजे तो पाटही मोडक्या लाकडाचाच. ह्यांची रात्रपाळी होती, हे घरीच होते. कान टवकारून बाहेर आले. पण नावं तर रंध्याखाली गेलेली. ह्यांचा चेहरा पडला. "आजी, आता ओळखणार कसा?"

"चवीन," म्हातारी म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तिने मांडणीपाशी जाऊन डबे बाजूला सारले, बोट जिभेवर ओलं करून फळीवर घासलं आणि चाखलं. "ह्यो नाय." दुसरी फळी. "ह्यो पन नाय." सगळी मांडणी चाखून झाली. सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या, "हिला घरचे असेच सोडतात का?" म्हातारी खाली बसली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "माजा पाट पावसात घामेजतो गो. उघाडीची फळी ती, हाडापरत मीठ भरलाय तिच्यात. गणपती उठला का खाली ओलाच. माजा माणूस म्हनायचा, देव पन मिठागरात राबलाय."

घामेजतो.

पेणेत जन्म काढून, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे रोज डोळ्यांनी बघून, मला सुचू नये! मी उठले ती थेट आतल्या खोलीत. गोधडी फेकली. मधली फळी ओली होती.

"अगं, काय करतेस?" सासूबाई मागून आल्या.

मी बोट फळीवर घासलं. आणि थांबले. खोटं कशाला सांगू, क्षणभर थांबले. कारण सासूबाईंचं खरं असेल, तर मी काय चाखणार होते ते मला माहीत होतं. पोरगी कोपऱ्यातून माझ्याकडे टक लावून बघत होती. मी बोट तोंडात घातलं.

"खारट!" मी ओरडले. "बघा, खारट आहे! मीठ आहे हे!"

"अगं, तेही खारटच असतं," सासूबाई म्हणाल्या.

आता आली का पंचाईत! माझा आनंद तिथेच अडकला. पण म्हातारी काठीसारखी सरळ चालत आत आली, फळीवर पालथा हात ठेवला, चाखलीसुद्धा नाही. ह्यांना म्हणाली, "उलटा कर." ह्यांनी खिळे काढले, फळी उलटली. खालच्या बाजूला, रंधा पोचला नव्हता अशा खळग्यात, दोर ओवायचं जुनं भोक होतं, कडेला कापलं गेल्याने अर्धंच राहिलेलं. म्हातारीने त्यात बोट घातलं. "मीच वढायची हा दोर," ती म्हणाली. आणि मग जी रडली!

ह्यांनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "आजी, मी कापला हो तो. लहान झाला. माफ करा."

"बरा केलास, जालला नायस," ती म्हणाली. "देव ल्हान आनू. देवाला काय, तो मापात बसतो." मग तिचं लक्ष मोडलेल्या खाटेकडे गेलं, पोरीकडे गेलं. "ही तुजी झोपायची जागा गो? माज्या पाटानं तुला लय तरास दिला का?"

पोरीने मान हलवली. हो म्हणाली की नाही, मला कळलं नाही.

हे ती फळी घेऊन म्हातारीला गाडीने रोह्याला पोचवून आले. खाटेत दुसरी फळी पडली, खोक्याची. गोधडी कोरडी राहायला लागली, पण पोरगी काही खाटेवर चढेना. सासूबाई म्हणायच्या, "योगायोग हो, औषध लागू पडलं." आल्यागेल्यालाही तसंच सांगायच्या. मीही कधी कधी गोंधळायची. खरंच औषधाने तर नसेल?

चतुर्थीला म्हातारीचं आमंत्रण आलं. आम्ही सगळे रोह्याला गेलो, सासूबाईसुद्धा. दोन खोल्या, चुन्याचा वास अजून गेला नव्हता. शेजारीपाजारी जमलेले. कोपऱ्यात त्या अर्ध्या भोकाच्या पाटावर वीतभर गणपती, मापात बसलेला. बाहेर पाऊस कोसळत होता. आरती संपली, टाळ्या थांबल्या, सगळे हात जोडून उभे. आणि पाटाच्या कडेवरून पाण्याची बारीक धार निघाली, रांगोळी भिजवत सासूबाईंच्या पायापर्यंत आली.

पोरगी पुढे झाली. तिने ते पाणी बघितलं, गणपती बघितला, मग मागे वळून भरल्या घरात मोठ्याने विचारलं, "आजी, आता ह्याला पण ओरडणार?"

कोणी हसलं नाही. सासूबाई खाली वाकल्या, पदराच्या टोकाने ते पाणी टिपलं आणि बोट जिभेला लावलं. मग पोरीला जवळ ओढून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी नात खोटं बोलत नाही."

त्या रात्री पेणेला पोचल्यावर पोरगी आपणहून खाटेवर चढली.