रखवालदाराचं दुसरं कडवं

शत्रुघ्न बेलसरे कुवेतला, मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीत इंजिनीअर होते. नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा बायको चारुशीला लेकीला, लीनाला, घेऊन नाशिकला गेली; मागोमाग तेही. युद्ध संपल्यावर बेलसरे एकटेच परतले. लीनाची शाळा मोडायला नको, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. शाळा संपली, कॉलेज सुरू झालं. ठरलेलं मात्र तसंच राहिलं. रुमैथिया भागातल्या फ्लॅटवर बेलसरे सवयीनं दोन कप चहा टाकत आणि दुसरा गार झाल्यावर पीत.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात कामावरच्या हौशी इंग्रज मंडळींनी एक जुना फ्रेंच विनोदी ऑपेरा बसवायला घेतला. शंभरएक वर्षांपूर्वी लंडनच्या रंगभूमीसाठी कुणीतरी तो इंग्रजीत उतरवला होता. बेलसरे नाशिकला संगीत नाटकांतून गायलेले. ते नुसती तालीम बघायला गेले, आणि म्हाताऱ्या रखवालदाराचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. एक प्रवेश, एक गाणं: दिवे मालवा, निजा, मी जागा आहे.

"फ्रेंचमध्ये याला आणखी एक कडवं आहे," नाटक बसवणाऱ्या हेलनबाई म्हणाल्या. "सगळ्यांची दारं राखतो, पण माझं दार आतून उघडायला कुणी नाही, असं. लंडनवाल्यांनी ते काढून टाकलं. लोक हसायला येणार होते ना!"

बेलसऱ्यांनी त्या कडव्याला मराठी शब्द घातले. भांडी विसळताना ते गुणगुणत. मग एका शुक्रवारी फोनवर म्हणाले, "प्रयोगाला ये. व्हिसा काढतो. तुला काहीतरी ऐकवायचंय."

"फोनवरच ऐकवा की."

"अंहं. समोर बसून ऐक."

चारुशीला तयार झाली. व्हिसाही आला. आणि सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं.

प्रयोगाला तिच्या खुर्चीवर सिराजनं आपला मफलर ठेवला. सिराज रत्नागिरीचा, शिंपी. रखवालदाराचा कोट त्यानंच शिवलेला. बेलसऱ्यांचं गाणं संपलं, टाळ्या पडल्या आणि थांबल्या.

"वन्स मोअर!" सिराज ओरडला. गावच्या नाटकात आवडलं की असंच ओरडायचं असतं. इंग्रज प्रेक्षक माना वळवून बघू लागले.

बेलसरे विंगेपाशी पोचले होते. जुनी सवय; हात जोडून ते मागे फिरले. तोवर नायिका खिडकीत आलीही होती. ती गोंधळून तशीच उभी राहिली. पियानोवाल्यानं डोळे मोठे केले, पण सूर धरला. बेलसरे दुसरं कडवं गायले, मराठीत. हाही विनोदच असेल असं समजून सभागृह हसलं.

सिराज हसला नाही. आत येऊन कोटाची बटणं सोडवायला लागला. "शब्द तुमचेच, साहेब?"

"बायकोला ऐकवायचे होते."

"वहिनींना सांगू मी? म्हणजे, ऐकलं मी, म्हणून?"

"नको रे."

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला सिराज नव्हता. बेलसरे एकच कडवं गाऊन आत आले.

शुक्रवारी चारुशीलेनं विचारलं, "कसं झालं?"

"वन्स मोअर मिळाला."

"अगंबाई! किती जणांचा?"

"एकाचा."

ती हसली. मग म्हणाली, "काय ऐकवायचं होतं? म्हणा ना आता."

त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात फोनमधून आईची हाक ऐकू आली, पाणी मागत होती.

"जा, तिला बघ," बेलसरे म्हणाले. "समोर बसशील तेव्हा."