दुपारची शिट्टी

ती घटना आठवली की आजही आधी डोंगर डोळ्यांपुढे येतो, माणसं नंतर. पोलिसाच्या बाबतीत सहसा उलटं होतं. आमच्या डोक्यात चेहरे असतात, जबाब असतात, कोर्टाच्या तारखा असतात. डोंगराला आम्ही घटनास्थळ म्हणतो आणि पंचनाम्यात दोन ओळींत उरकतो. हा डोंगर मात्र मला उरकता आला नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या, दिल्लीच्या दक्षिणेला हरियाणाच्या शेतांत बिल्डरांचे फलक उभे राहत होते आणि भेटेल तो माणूस गुडगावला प्लॉट घेण्याच्या गोष्टी करत होता. मी दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. घर मराठी, पण वाढलो दिल्लीतच, शिकलो पहाडगंजच्या मराठी शाळेत. त्यामुळे एखादं मराठी कुटुंब ठाण्यात आलं की ड्यूटी ऑफिसर त्यांना थेट माझ्या खोलीत आणून सोडायचा. ‘‘सर, आपके मुल्क का मामला है,’’ एवढं म्हणून तो मोकळा व्हायचा.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी संध्याकाळी त्यानं असेच एक गृहस्थ आणले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, एका मंत्रालयात अधिकारी, राहायला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. खुर्चीत बसले आणि सांगू लागले, ‘‘माझी बायको अरवलीत चालायला गेली आहे. आज सहापर्यंत वाटेतल्या सोहना गावाहून तिचा फोन यायला हवा होता. आला नाही, म्हणून आलो.’’

मी घड्याळ पाहिलं. सव्वासहा झाले होते.

‘‘अहो, पंधरा मिनिटांचा उशीर! एसटीडी बूथवर रांग असेल.’’

‘‘असेलही. पण सहाला फोन नाही आला तर मी निघायचं, असं ठरलं होतं.’’

त्यांची पत्नी शाळेत शिक्षिका होती. मूळची पुण्याची, लहानपणापासून सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेली. दिल्लीत आल्यावर तिला कळलं की शहराच्या कडेला सुरू होणारी ही बुटकी डोंगररांग थेट राजस्थानात जाते. झालं, बाईंनी ठरवलं की दिल्लीच्या हद्दीपासून अलवरपर्यंत डोंगराडोंगरानं पायी जायचं. आणि एकटीनं. आदल्या हिवाळ्यात त्यांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन वाटेचे तुकडे पाहून ठेवले होते. पाणी कुठं आहे, मुक्काम कुठं, खाली गाव कोणतं, हे सगळं.

मी हरवल्याची नोंद करून घेतली आणि शेजारच्या राज्यातल्या चौक्यांना वायरलेसनं कळवलं. खरं सांगायचं तर उद्या सकाळी बाई हसत घरी येतील अशीच माझी समजूत होती.

सकाळी बाई आल्या नाहीत, एक निनावी फोन आला. फोन करणारा आर. के. पुरमचाच असावा. म्हणाला, ‘‘उस घर में मेमसाहब के जाने से पहले खूब झगड़ा हुआ था. और इतवार तड़के साहब एक बड़ा-सा बोरा गाड़ी में डाल रहे थे.’’ एवढं सांगून त्यानं फोन ठेवला.

अशी टीप आली की नवऱ्याला बोलवावंच लागतं. बायको बेपत्ता असते तेव्हा पोलीस आधी घरातच पाहतात, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं. माझ्यासोबतचे एक सब-इन्स्पेक्टर तरुण होते, हुशार होते. त्यांनी गृहस्थांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘सर, एक आँसू नहीं. पक्का इसी का काम है.’’

मी चौकशीला बसलो.

‘‘भांडण झालं होतं?’’

‘‘झालं होतं.’’

‘‘कशावरून?’’

‘‘एकटी जाऊ नकोस म्हणालो. ती म्हणाली, मग सोबत चल. माझे गुडघे गेलेत, मी काय जाणार? तिथं भांडण संपलं.’’

‘‘आणि रविवारी पहाटे गाडीत काय टाकलंत?’’

‘‘तिची सॅक. ती स्वतःच उचलणार होती. मी उचलू दिली नाही.’’

एकही उत्तर त्यांना शोधावं लागलं नाही. अशी तयार उत्तरं देणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही खोटं घोकून आलेली असतात आणि काहींना खोटं बोलायची गरजच नसते. समोरचा कोणत्या प्रकारचा, हे काही केल्या माझ्या लक्षात येईना. शेवटी मी सरळ विचारलं, ‘‘तुम्हाला भीती वाटत नाही का हो?’’

‘‘वाटते ना. पण ती नंतर वाटून घेईन. तिनं मला सगळं पाठ करायला लावलंय आणि ते तुम्हाला सांगायचं काम माझं आहे. मधेच रडायला लागलो तर काहीतरी राहून जाईल.’’

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिला मुक्काम कुठल्या मंदिरापाशी, दुसरा कुठल्या जोहडाकाठी. जोहड म्हणजे तिकडच्या गावाचं मातीचा बांध घालून केलेलं तळं. बाईंच्या अंगात निळं जाकीट आहे. उजेड गेल्यावर त्या चालत नाहीत. वाट चुकली किंवा लागलं, तर जागा सोडत नाहीत. पिवळी ताडपत्री उघड्यावर पसरून बसतात. शिट्टी गळ्यात असते. एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं तीनदा वाजवून उत्तर द्यायचं. डोंगरात फिरणाऱ्या लोकांची ती मदतीची हाक असते म्हणे.

मी सब-इन्स्पेक्टरांकडे पाहिलं. त्यांनी लिहिणं थांबवलं होतं. घोकलेल्या खोट्यात इतके बारकावे नसतात, हे त्यांनाही उमगलं होतं. मी जीप काढायला सांगितली आणि त्या गृहस्थांना शेजारी बसवलं.

मंदिराच्या पुजाऱ्याला बाई आठवत होत्या. रविवारी रात्री पडवीत झोपल्या, सोमवारी उजाडताच निघाल्या. म्हणजे नवरा खरं बोलत होता. पण दुसऱ्या मुक्कामाचं जोहड काही सापडेना. बांध होता, चार किकरची, म्हणजे बाभळीची, झाडं होती, मधे मात्र मुरूम टाकून सपाट केलेली जमीन आणि तीवर प्लॉटच्या चुन्याच्या रेघा. एका वर्षात तळ्याची कॉलनी झाली होती. माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ पहिल्यांदा हलकेच म्हणाले, ‘‘म्हणजे तिला पाणी मिळालं नाही.’’

बाईंची सगळी आखणी या पाण्यावर होती. पाणी शोधत त्या कुठल्या बाजूला गेल्या असतील, हे पाठ करून ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. समोर पसरलेला डोंगर आता मला पहिल्यांदाच नीट दिसला. शहरातून पाहताना तो झुडपांचा ढिगारा वाटतो. जवळ गेलं की एका घळीतून दुसरी घळ फुटते, तिच्यातून तिसरी, आणि सगळीकडे धावड्याच्या जातीची धौची काटक झाडं. इथं अख्खी पलटण हरवली असती.

डोंगराच्या पायथ्याशी हरियाणा पोलिसांची चौकी होती. शोधासाठी माणसं मागायला तिथं गेलो, तर आधी अर्धा तास हद्दीचीच चर्चा झाली. चौकी इंचार्ज माणूस वाईट नव्हता, पण त्याचं एकच पालुपद होतं, ‘‘जनाब, अकेली औरत पहाड़ में क्यूँ जावैगी? कोई ना कोई बात सै.’’

तेवढ्यात ट्रॅकसूट आणि माकडटोपी घातलेले एक सेवानिवृत्त गृहस्थ तावातावानं आत आले. शेजारच्या नव्या कॉलनीत त्यांनी नुकतंच घर बांधलं होतं.

‘‘मुझे शिकायत लिखवानी है,’’ ते म्हणाले. ‘‘चौकीदार रात को सीटी बजाए, ठीक है. पर ये किसने नया चौकीदार रखा है जो दिन-दहाड़े बजाता है? परसों से दोपहर की नींद हराम कर रखी है.’’

दिल्लीत राहिलेल्याला हे सांगायला नको. तिथल्या वस्त्यांत चौकीदार रात्रभर काठी आपटत, शिट्टी फुंकत फिरतो. त्या आवाजावर लोक निवांत झोपतात आणि चोरही आपलं वेळापत्रक ठरवतात. नव्या उपनगरात तर प्रत्येक गल्लीनं, प्रत्येक मोकळ्या प्लॉटनं आपापला चौकीदार नेमला होता. अशा ठिकाणी शिट्टी ऐकून कोणी मान वर करत नाही. फार तर कूस बदलतो.

माझ्याबरोबरचे गृहस्थ उभे राहिले होते. मी तक्रारदारांना विचारलं, ‘‘कितनी बार बजाता है?’’

‘‘छह बार. फिर चुप. फिर छह बार. मैंने गिना है. रिटायर आदमी हूँ, और काम क्या है?’’

हद्दीची चर्चा तिथंच संपली. चौकी इंचार्जनं टोपी घातली, सगळ्या हवालदारांना हाक मारली आणि आमच्या पुढं धावत निघाला. तक्रारदारही मागं राहिले नाहीत. आवाज रिकाम्या प्लॉटांकडून येतो, असं ते छातीठोकपणे सांगत होते. तिथं एक म्हैस सोडून कोणी नव्हतं. आवाज कुठून तरी आपटून तिथं येत असावा असं मला वाटलं आणि आम्ही उलट्या बाजूनं डोंगर चढू लागलो. गृहस्थांनी गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

माथ्यावर आलो तेव्हा दुपार कलत होती. मी आयुष्यभर दिल्लीत राहिलो, पण या जागेची मला कल्पना नव्हती. उत्तरेला धुरकट शहर आणि अर्धवट इमारतींचे सांगाडे. दक्षिणेला डोंगरामागं डोंगर, नजर पोचेल तिथवर, त्यात एकही घर नाही. शेजारून नीलगायींचा कळप गेला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि चरत राहिल्या. एका हवालदारानं वाळूत बिबट्याचा ताजा ठसा दाखवला. आम्ही बाराजण होतो, हातात बंदुका होत्या, तरी आवाज आपोआप खाली आले. बाई इथं तीन रात्री एकट्या होत्या, हे माझ्या मनात आलं.

‘‘तीनदा वाजवा,’’ गृहस्थ म्हणाले.

हवालदारानं तीनदा शिट्टी फुंकली. उत्तर आलं ते आमच्या पायांखालून.

पुढं झाडी संपत होती आणि जमीनही संपत होती. खाली दगडाची एक बंद पडलेली खाण होती. उभे कापलेले तांबूस कडे, आणि तळाशी पाणी, इतकं निळं की क्षणभर मी कशासाठी आलो तेच विसरलो. पाण्याच्या काठावर पिवळी ताडपत्री पसरली होती आणि तिच्याशेजारी निळं जाकीट घातलेली एक बाई बसली होती. तिनं हात वर केला. दोन हवालदार उतरायला धावले, तेवढ्यात खालून खणखणीत आवाज आला.

‘‘रुको! उधर से मत आओ! वहाँ का पत्थर कच्चा है, मैं वहीं से गिरी हूँ. दाहिनी तरफ से आओ, एक-एक करके!’’

वाचवायला आलेल्यांना वाचवण्याचं काम बाई करत होत्या. सगळे निमूट उजवीकडून उतरले, चौकी इंचार्जसुद्धा.

झालं होतं ते असं. जोहड बुजलेलं पाहून बाई पाणी शोधत माथ्यावर चढल्या आणि त्यांना हे निळं पाणी दिसलं. सह्याद्रीत वाढलेलं मन. किल्ल्यावर कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी पीत लहानाचं मोठं झालेलं. त्यांना ते टाकंच वाटलं आणि सवयीनं त्या कडेवरून उतरल्या. पण सह्याद्रीचा काळा कातळ पाय धरून ठेवतो. इथं सुरुंगानं फोडलेली खडी होती. ती घसरली, बाई तळाशी आल्या आणि उजवा पाय मोडला. काठीच्या दोन तुकड्यांत पाय ओढणीनं घट्ट बांधलेला होता. पाणी औषधाचे थेंब टाकून पीत होत्या. सोबत नेलेले लाडू अजून शिल्लक होते. त्यातला एक त्यांनी धापा टाकणाऱ्या हवालदाराला दिला.

नवऱ्याला कड्यावरच थांबवून ठेवलं होतं आणि बाईंना खाणीच्या जुन्या वाटेनं परस्पर खाली नेलं. दोघांची भेट रुग्णालयात झाली. तेव्हा मी जबाब घ्यायला तिथंच होतो.

‘‘किती वाजता गेलास?’’ बाईंनी विचारलं.

‘‘सहाला घरातून निघालो.’’

‘‘मला ठाऊक होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बुधवारी सहा वाजले आणि मला बरं वाटलं. म्हटलं, आता हा उठला असेल.’’

गृहस्थ बाहेर व्हरांड्यात आले, भिंतीला टेकून खाली बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. माझे सब-इन्स्पेक्टर त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले, गणवेशासकट.

या प्रकरणात ना आरोपी, ना आरोपपत्र. तरीही नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना मी हेच प्रकरण सांगत असे. न रडणाऱ्या माणसाला लगेच आरोपी ठरवू नका, तो कदाचित कुणाचं तरी काम करत बसलेला असेल. आणि धाडसाबद्दल माझी समजूत बदलली. बाईंनी निघण्याआधीच स्वतःचं पडणं, मोडणं, हरवणं सगळं गृहीत धरलं होतं, आणि तरीही निघाल्या होत्या. इतकं शहाणं धाडस मी आमच्या खात्यातही क्वचित पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यात त्या राहिलेली वाट पुरी करायला गेल्या. शेवटच्या दिवशी, अलवरहून फोन यायचा होता तेव्हा, मी त्यांच्या घरी गेलो. गृहस्थ आणि मी चहा घेत बसलो. फोन वाजला. त्यांनी मला उचलायची खूण केली.

साऱ्या नोकरीत मला फोनवर कुणी चांगली बातमी दिली नव्हती. खून, दरोडा, अपघात, हेच ऐकत आलो. मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे बाजाराचा गलका होता आणि त्यातून बाईंचा दमलेला आवाज आला, ‘‘पोचले रे.’’